प्रकल्पग्रस्त

काल रात्री दहा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. पार्किंगच्या फरशीवर बशीएवढा तेलाचा डाग, भोवती लाल गोल आणि खाली 'संबंधितांनी नोंद घ्यावी'. संबंधित मी एकटाच. बत्तीस गाड्यांत तेल गाळण्याच्या वयाची एकच आहे, माझी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट. नाव घातलं नाही म्हणजे सभ्यता पाळली, अशी आमच्याकडची समजूत. सकाळपर्यंत त्यावर सतरा अंगठे पडले होते.

मला झोंबलं ते वेगळंच. हा डाग घाणीचा नाही, स्वच्छतेचा आहे. सहा वर्षं ती गाडी तिथे मळकट उभी होती, तेव्हा एक थेंब सांडला नाही.

गाडी घेतली ती हळूहळू दुरुस्त करत चालवायची म्हणून. मित्रांत मी तिला 'प्रोजेक्ट' म्हणतो. बायकोने त्याचं मराठी करून टाकलं आणि तेव्हापासून आमच्या घरात चार प्रकल्पग्रस्त आहेत. धरणवाल्यांना निदान मोर्चा तरी काढता येतो.

गेल्या रविवारी इंजिन धुवायला काढलं. बॉनेट उघडल्यावर १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन दिसायला हवं. तिथे काहीतरी काळं, केसाळ बसलेलं होतं. बॅटरीमागे उंदराचा संसार निघाला: सुपारी, सायकलच्या व्हॉल्व्हची टोपी, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे. पत्रिकेवरचा गणपती तेवढा त्याने कुरतडला नव्हता. वाहनाने धनी ओळखला म्हणायचं. पण वाहनाने वाहनात का राहावं?

तयारी मी नीट केली होती. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली. कार्ब्युरेटरला आणि डिस्ट्रिब्युटरला (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग; गॅरेजात त्याला डेल्को म्हणतात) भाजीच्या पिशव्या रबरबँडने बांधल्या. पूर्वी या कामाला रॉकेल वापरायचे. आता रॉकेल कुणाकडे मागायचं? डिग्रीझरचा डबा आणला. बॅटरीच्या टोकांवरची हिरवट-पांढरी बुरशी काढायला स्वयंपाकघरातून खायचा सोडा पळवला. सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे, म्हणून बादली, मग आणि मुलीचा जुना टूथब्रश.

एवढ्यात बी विंगमधले काका आले. नुसते आले नाहीत, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले.

"विकायला काढली का हो?"

"नाही काका, साफ करतोय."

"म्हणजे विकायची नाही?"

"नाही."

"मग साफ कशाला करताय?"

मी ब्रश चालवत राहिलो. काकांनी खुर्ची फूटभर पुढे ओढली, ऊन चुकवलं आणि बसले.

"आमच्या मेव्हण्याने फियाट बुक केली होती. तेव्हा नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची."

"मग मिळाली का?"

"मिळाली की! आठवड्यात विकली. वर प्रीमियम घेतला." थोडा वेळ माझ्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे बघून ते म्हणाले, "शहाणा माणूस."

साडेदहाला त्यांच्या सुनेने चहा आणून दिला. एक कप. कपाकडे, मग माझ्याकडे बघत काका म्हणाले, "तुमचे हात असे आहेत, नाहीतर विचारलं असतं."

पाण्याचा प्रत्येक मग त्यांनी डोळ्यांनी मोजला. "चौथी बादली ना ही?" पाचवी होती. मी चौथीच म्हणालो. पंचेचाळिसाव्या वर्षी मी एका माणसाशी बादलीवरून खोटं बोललो.

पण खाली इंजिन निघत होतं. टॅपेट कव्हरवरचा, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरचा थर सोलला आणि खालचं लोखंड हाताला लागलं, तेव्हा मला पुरणात पहिल्यांदा हात घालणाऱ्या मुलासारखं झालं. कॉटन वेस्टने पुसलं, वाळू दिलं, पिशव्या काढल्या, तार जोडली आणि चावी फिरवली.

घुर्र. पुन्हा घुर्र. मग नुसती टकटक.

"डेल्कोत पाणी गेलं असेल," काका म्हणाले.

"पिशवी बांधली होती मी."

"ती? ती तर मघाशीच सुटली. दुसऱ्या बादलीला."

"काका, मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मुद्दाम सोडलीत. तुम्ही जाणकार माणसं. आपण कशाला मधे बोला?"

दोन तास हा गृहस्थ सगळ्यात मधे बोलला होता. बायकोचा लग्नाचा निर्णय, माझं गाडीचं वेड, मुलीचं इंग्रजी माध्यम, सगळ्यात. गप्प बसला तो तेवढ्या एका मिनिटाला.

तळमजल्यावरून एक्स्टेन्शन ओढून बायकोच्या हेअर ड्रायरने डेल्कोची टोपी वाळवली. "हे कॉमन मीटरवर तर नाही ना?" हेही विचारून झालं. गाडी आधी दोन सिलिंडरवर खोकली, मग चारही लागले. काकांनी खुर्ची उचलली आणि बजावलं, "आधी चालू होत होती ना? मग झालं."

सोमवारी मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढून कपाळाला हात लावला. "साहेब, धुतलीत कशाला? त्या चिखलानेच पॅकिंग धरून ठेवलं होतं." टॅपेट कव्हरचं पॅकिंग वाळून कडक झालेलं, आणि तिथून तेल आता मोकळेपणाने ओघळत होतं. नवं पॅकिंग फार महाग नाही. फक्त कधी येईल ते तो सांगू शकला नाही.

२०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा याच ग्रुपवर बालपण, चाळ, काळी-पिवळी असं काय काय वाहत होतं. डोळे पुसणाऱ्या बाहुल्या तर मोजता येणार नाहीत एवढ्या. कुणी तरी खाली येऊन बघायचं होतं. चाळीस वर्षांच्या आतली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असलेली अख्खी पद्मिनी पंधरा पावलांवर उभी होती. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर, सगळं मी भरतो. तरी वर्षातून दोनदा विचारणा येते, "ती भंगारातली गाडी कधी हलवताय?"

तर आज सकाळी सहाला, कुणी उठायच्या आत, मी खाली गुडघ्यांवर बसून फरशी घासत होतो. तोच सोडा, तोच टूथब्रश. मागे प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"इकडे डाव्या बाजूला राहिलंय थोडं," काका म्हणाले. "आणि ही पहिलीच बादली ना?"