परदेशातून : वहिनींनी मागितलेली गोळी

रात्री साडेअकराला फोन वाजला. बेळगावात तेव्हा दिवेलागणीची वेळ. वहिनी होत्या, चुलतभावाची बायको, घर शहापुरात. "भावोजी, एक विचारायचं होतं. कुणाला बोलू नका."

थोरला इंजिनिअरिंगला. तीन-तीन रात्री झोपत नाही, मग दोन दिवस उठत नाही. आरशावर टॉवेल टाकून ठेवतो, पलीकडून कुणीतरी बघतंय म्हणतो. पँट धुवायला काढली तेव्हा खिशात पुडी सापडली. "तुम्ही औषधवाले. ह्याच्यावर एखादी गोळी असंल की. आमटीतनं घालतो, त्याला कळायचं नाही."

गोळी नाही. ब्राउन शुगरवाल्याला, म्हणजे हेरॉइनच्या व्यसनीला, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन असं बदली औषध देता येतं. मेथॅम्फेटामिनवर किंवा आपल्या भागात ज्याला 'एमडी' म्हणतात त्या मेफेड्रोनवर तसलं औषध अजून हाती आलेलं नाही. ही दोन रसायनं वेगळी आहेत, पण मेंदूला पिळून काढायची तऱ्हा एकाच भावकीतली. उपचार म्हणजे झोप, जेवण, समुपदेशन, भ्रमांवर लागतील ती औषधं, आणि महिनोन्‌महिने कुणीतरी सोबत बसणं. आमटीतून घालण्यासारखं त्यात काहीच नाही.

मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, एका छोट्या शहरात औषधाच्या दुकानात काम करतो. सर्दीची साधी सूडोएफेड्रिनची गोळी मागायला गिऱ्हाईक आलं तरी मला त्याचं ओळखपत्र बघून नोंद करावी लागते, कारण त्या गोळीपासून मेथ बनतं. सुरुवातीला मला हसू यायचं. मग आमच्या धंद्याचा इतिहास वाचला. १८९३ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी एफेड्रिनपासून मेथ बनवलं, आणि १९३८ पासून जर्मनीत ते 'पर्विटिन' नावानं औषधाच्या दुकानातच विकलं जात होतं. म्हणजे पहिली चूक काउंटरच्या ह्या बाजूची. आपल्याकडेही २०१६ मध्ये सोलापूरच्या एका कारखान्यातून कित्येक टन एफेड्रिन पकडलं गेलं होतं.

इकडे मेथला 'आइस' म्हणतात. २०१६ पासून इथं सरकार शहरांच्या आणि खेड्यांच्या सांडपाण्याची नियमित तपासणी करतं, कुठं काय किती घेतलं जातं ते गटारातून कळतं. मेथच्या बाबतीत लहान गावं मोठ्या शहरांपेक्षा पुढं असल्याचं त्यात अनेकदा दिसलंय. (आपल्या नाल्यांतून काय वाहतं हे पावसाळ्यात घरात शिरल्याशिवाय कुणी बघत नाही.) इकडचं सगळं चांगलं असं मात्र नाही. तुरुंग इकडेही भरलेत, उपचारासाठी नंबर लावून थांबावं लागतं. आणि आमच्या काउंटरवर येणारा रोगी बहुतेक वेळा एकटा येतो. त्याच्या मागे वहिनी नसतात.

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर ह्या विषयाची चर्चा २०२४ मध्ये तापली. फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी सांगलीजवळच्या कुपवाडमधून शंभर किलोंहून जास्त मेफेड्रोन धरलं, मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबई पोलिसांना कारखानाच सापडला. दोन्ही ठिकाणं आपल्याकडून मोटारीनं काही तासांवर. झालं! एक म्हणे, विष महाराष्ट्राचं. दुसरा म्हणे, नाही, गोव्याचं, चोर्ला घाटानं येतं. तिसरा म्हणे, इथल्या पोलिसांना आपल्या मराठी पाट्या मोजण्यातून सवड कुठाय. मग फाशी द्या, चौकात उलटं टांगा, वगैरे. सीमाप्रश्नावर मी कुणाइतकाच हळवा आहे, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला इकडे दंडाला काळी फीत लावून कामावर गेलोय. पण पुडीचा पत्ता शोधताना आपण तोच नकाशा पसरून बसतो, आणि जिच्या घरात पुडी आहे ती बाई त्याच ग्रुपवर गप्प बसून अंगठे मोजत असते. उलटं टांगायचं कुणाला, तर तिच्या पोराला.

वहिनींना पोलिसांची भीती होती. मी सांगितलं, एनडीपीएस हा अमली पदार्थांबद्दलचा १९८५ चा कायदा कडक आहे खरा, पण त्यातच ६४-अ हे कलम आहे : व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाबद्दल किंवा अगदी थोड्या मालाबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही, उपचार मात्र पुरे करावे लागतात. १४४४६ ह्या सरकारी हेल्पलाइनवर पैसे न मोजता विचारता येतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोलिसांचं राहू दे. मिरजेला नेलो तर? तिकडं कोण ओळखत नाही."

अडचण ही होती. आजारपणाला मिरज ही आपल्या लोकांची जुनी वाट, पण ह्या वेळी मिरज हवी होती ती डॉक्टरांसाठी नव्हे, लपायला. मी धारवाडचं नाव काढलं, तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेचं. फोनवर शांतता. लहानपणी आम्हीच कुणी विचित्र वागलं की "धारवाडला पाठवा ह्याला" म्हणून हसायचो, ते मलाही आठवलं. त्या थट्टेची किंमत आता वहिनी मोजत होत्या.

मेलबर्नच्या मराठी लोकांतही मी हा विषय काढून बघितलाय. "आपल्यात नसतं हो असलं," असं म्हणत पुरणपोळीचं ताट पुढं सरकतं. म्हणजे अब्रूला पासपोर्ट लागत नाही. फरक एवढाच की इकडे लपवायला माणसं कमी, तिकडे आजीपासून आत्तेपर्यंत दहा जण मिळून लपवतात. तेच दहा जण रात्री आळीपाळीनं त्या पोराजवळ बसले तर मी विकतो त्या कुठल्याही गोळीपेक्षा जास्त काम होईल, असं मला इकडची रिकामी घरं बघून वाटतं. हे मी वहिनींना सांगितलं नाही. त्यांना तेव्हा भाषण नको होतं, बसची वेळ हवी होती.

तीन आठवड्यांनी मेसेज आला. "जाऊन आलो. डॉक्टर बरे आहेत, ओरडले नाहीत. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. ह्यांना सांगितलंय, सासूबाईंना नाही. येताना दोन किलो पेढे आणलो, गल्लीत वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हटलो, धारवाडला गेल्तो म्हणून आणलो."