‘लिनक्सवर वायफाय धड चालतच नाही’ म्हणे!

एक मेसेज फिरत फिरत माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. मजकूर साधारण असा: ‘लिनक्सवर वायफाय धड चालत नाही, कारण कंपन्या ड्रायव्हरच देत नाहीत. कार्ड दिसत नसेल तर नेटवरून ड्रायव्हर शोधून टाका. सारखं तुटत असेल तर आयपीव्ही६ बंद करा, डीएनएस ८.८.८.८ करा, पॉवर सेव्हिंग कायमचं घालवा. तरी नाहीच झालं तर सगळं पुसून दुसरं डिस्ट्रो टाका.’ खाली जोडलेले हात आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’. (डिस्ट्रो म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची डेबियनसारखी एखादी तयार आवृत्ती.)

यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या बिघाडावर लागू पडतो, म्हणूनच मेसेज टिकून आहे. गोम एवढीच की आपला बिघाड कुठला, हे बघायला त्यात कुणी सांगतच नाही. ताप असो, दातदुखी असो, हाड मोडलेलं असो, गोळी एकच.

आधी ड्रायव्हरचं, म्हणजे सिस्टिम आणि कार्ड यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रामचं. ही तक्रार एके काळी शंभर टक्के खरी होती. ब्रॉडकॉमचं कार्ड असलं की विंडोजचाच ड्रायव्हर एनडीआयएसरॅपर नावाच्या कुबडीवर चालवायची वेळ यायची. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. आज इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय, मीडियाटेकचा एमटी७६, रिअलटेकचे आरटीडब्ल्यू८८ आणि आरटीडब्ल्यू८९, क्वालकॉमचे एटीएच१०के आणि एटीएच११के हे सगळे कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतात, वेगळं काही उतरवावं लागत नाही. अपवाद आहेत, ते नाकारत नाही. काही जुन्या ब्रॉडकॉम कार्डांना अजून बंदिस्त ड्रायव्हर लागतो, आणि बाजारात नुकतंच आलेलं कार्ड जुन्या कर्नलला ओळखता येत नाही.

पण बऱ्याचदा जे कमी पडतं ते ड्रायव्हर नसतंच, फर्मवेअर असतं. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, फर्मवेअर म्हणजे कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम, तो कार्डाच्या आत चढवावा लागतो. त्याची फाईल सापडली नाही तर ड्रायव्हर असूनही कार्ड मुकं राहतं. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त परवान्याबाहेरचं फर्मवेअर नसायचं. २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून ते घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ते सोबत येऊ लागलं. लिनक्सच्या वायफायची जी बदनामी झाली तिच्यात या एका गैरसोयीचा वाटा मोठा आहे. फर्मवेअर कमी असेल तर डीमेसेज या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ‘फर्मवेअर’ शब्दासोबत चढवता न आलेल्या फाईलचं नावही छापलेलं असतं. तेवढं पॅकेज टाकायचं, विषय संपला.

‘कार्ड दिसत नसेल तर ड्रायव्हर टाका’ या वाक्याने सगळ्यात जास्त संध्याकाळी वाया घालवल्या आहेत. माझा मावसभाऊ एकदा लॅपटॉप घेऊन आला. “दादा, तीन ड्रायव्हर टाकून झाले, एकही लागत नाही.” म्हटलं, “टाकायच्या आधी काय बघितलंस?” तर म्हणे, “वायफाय दिसत नव्हतं ना.” टर्मिनल उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ एवढं टाईप केलं. वायरलेस कुठे अडवलंय का, ते ही कमांड दाखवते. दोन ओळी आल्या: सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, येस. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढी सरकती पट्टी होती, ती बंद बाजूला गेलेली. सरकवली, आणि आसपासच्या नेटवर्कांची यादी समोर.

सॉफ्ट ब्लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेला अडसर असता, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटला असता. हार्ड ब्लॉक म्हणजे बटण, पट्टी, फंक्शन की किंवा बायोस (संगणक सुरू होतानाचं मूळ सेटिंग). तिथे कुठल्याही ड्रायव्हरचं काही चालत नाही.

आरएफकिल स्वच्छ निघालं तर पुढचा प्रश्न एलएसपीसीआय या हार्डवेअरची यादी देणाऱ्या कमांडला विचारायचा, एनएनके हा पर्याय जोडून. कार्डाच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, उगाच शोधत बसू नका. ओळ नसेल तर ड्रायव्हर खरोखर हवा आहे, आणि कुठला ते त्याच यादीतल्या आयडी क्रमांकावरून ठरतं. कार्डच यादीत नसेल तर शंका बायोसची किंवा हार्डवेअरची. सोबत विंडोजही असेल तर आधी तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती लागू शकतं. यूएसबी डोंगलची गंमत आणखी वेगळी: काही डोंगल लावल्यावर आधी स्वतःला सीडी ड्राईव्ह म्हणवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. त्यांना यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्राम वापरून ‘बाबा, तू वायफाय आहेस’ हे सांगावं लागतं.

नेटवरून उचललेल्या ड्रायव्हरचं एक शेपूटही असतं. तो कर्नलच्या बाहेरचा, त्यामुळे कर्नल बदलला की पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाची सोय ते आपोआप करते, पण त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या ‘हेडर्स’ फाईली नसतील तर तीही हात टेकते. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर आतच घेतला जात नाही, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणून परत पाठवला जातो. आज चाललेलं वायफाय पुढच्या अपडेटला का गेलं, याचं उत्तर अनेकदा इथे असतं.

आता आयपीव्ही६ आणि डीएनएस. ‘सारखं तुटतं’ यावर हा उपाय देणाऱ्याने दोन वेगळी दुखणी एक केली आहेत. डीएनएसचं काम नावाचा पत्ता शोधण्याचं. ते बिघडलं तर साईट उघडणार नाहीत, पण राउटरशी जोडणी तुटणार नाही. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ८.८.८.८ ला पिंग करा (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी कमांड), मग एखाद्या साईटच्या नावाला करा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तरच डीएनएसला हात लावा. त्यातही डीएनएस हाताने पक्का करून ठेवला की सार्वजनिक वायफायचं लॉगिन पान उघडेनासं होऊ शकतं, आणि मग त्याचं खापर पुन्हा लिनक्सवर. जोडणी ‘गेटिंग आयपी कॉन्फिगरेशन’वर अडकली असेल तर गाडी डीएनएसपर्यंत पोहोचलेलीच नाही, राउटरकडून पत्ता मिळण्यातच खोळंबली आहे. आयपीव्ही६ ही इंटरनेटवरच्या पत्त्यांची पद्धत आहे, ती बंद करून रेडिओची जोडणी सुधारत नाही.

पॉवर सेव्हिंगबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. काही कार्डं डुलकी घेतात आणि वेळेवर उठत नाहीत. पण ‘कायमचं’ करण्याआधी तात्पुरतं करून बघा. आयडब्ल्यू या वायफायच्या कमांडने पॉवर सेव्ह ऑफ केलं की ते रीबूटपर्यंतच टिकतं. दिवसभर तुटलं नाही, तर नेटवर्कमॅनेजरच्या (जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ ठेवा. हो, बंद म्हणजे २, चालू म्हणजे ३. शून्य टाकून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारे मी पाहिलेत.

आणि तुटतं तेव्हा सिग्नल किती आहे, हे तरी बघा. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ला इंटरफेसचं नाव आणि ‘लिंक’ जोडलं की आकडा मिळतो. उणे ५० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे ८० च्या खाली गेला तर सेटिंगला दोष देण्यात अर्थ नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावल्यावरच वायफाय रडतं का, तेही बघा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे. डिस्क लांब सरकवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

बाकी जोडणी कोणी तोडली हे नोंदींत असतं. सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी जर्नलसीटीएल ही कमांड एका खिडकीत चालू ठेवा आणि तुटायची वाट बघा. ‘डिसकनेक्टेड’च्या ओळीत कारणाचा क्रमांक येतो. शेजारी ‘लोकली जनरेटेड’समोर १ असेल तर तोडणारा आपलाच संगणक, नसेल तर तोडायचा निरोप समोरून आला.

राहिलं डिस्ट्रो बदलणं. पुसायच्या आधी दुसऱ्या डिस्ट्रोचा लाईव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता पेनड्राईव्हवरूनच चालणारा) लावून बघा, डिस्कला धक्काही लागत नाही. तिथे वायफाय चाललं तर दोन्हीकडचा कर्नल आणि फर्मवेअर ताडून पाहा, फरक बहुतेक तिथेच सापडेल. अपडेटनंतर बिघडलं असेल तर ग्रबच्या (संगणक सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल उघडा. लाईव्हवरही नाही चाललं, तर पुसून मिळणार काय? मावसभावाने माझ्याकडे येण्याआधी दोनदा डिस्ट्रो बदललं होतं. पट्टी दोन्ही वेळा तिथेच होती, खालचा लाल ठिपका दाखवत.