माशी, मासा आणि मेहुणा

आमच्या घरात मासा हा गप्पांचा नव्हे, जेवणाचा विषय आहे. तो बाजारातून येतो, विळीवर चढतो आणि दुपारी ताटात उतरतो. त्यामुळे मेहुणा जेव्हा म्हणाला, "भावोजी, एप्रिलात तीर्थन खोऱ्यात ट्राउट धरायला जाऊ," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नदी आलीच नाही. रवा आला.

"पण धरून सोडायचा," तो म्हणाला.

"सोडायचा? मग धरायचा कशाला?"

"खेळ आहे तो!"

मेहुण्यांशी वाद घालू नये, म्हणून हिमाचलात बंजारच्या पुढे गुशैणीला जाऊन पोचलो. वितळलेल्या बर्फाचं पाणी. घोटाभर पाण्यात जरा वेळ उभं राहिलं की पाय जागेवर आहेत की नाहीत, हे वाकून बघावं लागतं. ट्राउटला मात्र हेच हवं: गार, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं. पाणी विशीच्या वर तापलं की त्याचा जीव कासावीस होतो. नदीतला हा तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातला ना! १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मिरात आली; त्याआधीची खेप वाटेतच मेली होती. मग हिमाचलातही त्याचं बस्तान बसलं. साहेब गेला, मासा राहिला आणि माशाबरोबर साहेबी शिस्तही राहिली. परवाना काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी नदीकडे फिरकू नका, वगैरे.

गांडूळ कुठे मिळेल, असं मी विचारलं मात्र, मेहुण्यानं मी चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखं पाहिलं. इथे गळाला लागते ती खोटी माशी. इवल्याशा आकड्यावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली. तिला वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची ती दोरी. म्हणून दोरीच जाड आणि जड असते. ती आधी मागे भिरकवायची, हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मधेच हलली पाहिजे. माझी पावणेचारला जात होती. तिथे एक झाड होतं.

"सर जी," आमचा स्थानिक वाटाड्या अतिशय नम्रपणे म्हणाला, "मछली नीचे है."

माशी फांदीवरून उतरवून पुन्हा तयारी. पण ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, समोरून वाहत येणारं खाणं टिपत. म्हणून त्याच्या पाठीमागून, खालच्या अंगानं, ओणवं होऊन जायचं. आपली सावली पाण्यावर पडता कामा नये. माझ्या सावलीचा घेर पाहता हे जरा अवघडच होतं. बरं, एवढं करून माशी नेमकी पडली, तरी ती पाण्याच्याच चालीनं वाहिली पाहिजे. दोरीनं तिला किंचित ओढलं की संपलं! खऱ्या माशीला दोरी नसते, एवढं त्याला कळतं. आणि चुकून तोंडात घेतलीच तर खोटेपणा ओळखून क्षणात थुंकतो. तेवढ्या क्षणात आपण काठी उचलायची. हा सगळा बंदोबस्त मासा सापडू नये म्हणूनच केलेला आहे, अशी माझी खात्री पटली. जाळं टाकणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो आपल्यालाच पाण्यात टाकेल.

दुपार कलता मेहुण्याला एक लागला. वीतभर, तपकिरी, अंगावर काळे-लाल ठिपके. देखणा होता, नाही म्हणत नाही. मेहुण्यानं आधी हात ओले केले, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग अलगद आकडा काढला, प्रवाहाकडे तोंड करून माशाला पाण्यात धरलं, त्याला दम खाऊ दिला. माझ्या पायांना विचारणारं कोणी नव्हतं. शेपटीचा एक फटकारा आणि मासा गेला.

"सोडलास?" खडकावर बसलेली बायको किंचाळली.

रात्री मुक्कामाच्या घरी तिनं सरळ मालकिणीलाच गाठलं. मालकिणीच्या दिराची घरामागे ट्राउटची टाकी. त्यानं जाळं बुडवलं, वर काढलं. झालं! मोहरीच्या तेलात तळलेले तुकडे ताटात आले. खमंग वास सुटला.

"हा टाकीतला," मेहुणा नाक मुरडून म्हणाला. "इंद्रधनुषी ट्राउट. यात झुंज नाही."

"मग तुझा तुकडा भावोजींना दे," बायको म्हणाली.

त्यानं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.