‘बँकेच्या वकिलाने बघितलंय की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

रिसेलचा फ्लॅट घेताना स्वतःचा वकील कसा निवडावा, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो: बँकेचा वकील सर्च (जुन्या नोंदणीकृत दस्तांचा शोध) करतोच, सब-रजिस्ट्रार कागद तपासूनच दस्त नोंदवतो, एजंट १५ हजारांत ड्राफ्टपासून अंगठ्यापर्यंत सगळं करून देतो. मग वेगळा वकील कशाला? शिवाय वकिलांचे सर्च रिपोर्ट म्हणजे निव्वळ कॉपी-पेस्ट, आणि हा लेख म्हणजे वकिलांची जाहिरात. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की येत्या रविवारी पुण्यातल्या एका फ्लॅटचं टोकन देताय.

कॉपी-पेस्टचा आरोप मान्य. ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ (मालकी निर्वेध आणि विकण्याजोगी) या एका ओळीसाठी पैसे घेणारे दोनपानी रिपोर्ट भरपूर निघतात, आणि लेखात मी त्यावर जेमतेम दोन वाक्यं लिहिली होती. बाकीचं मात्र पटत नाही.

सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवतो, मालकी नव्हे. सही करणारा तोच माणूस आहे का, ओळख पटवणारे आलेत का, मुद्रांक शुल्क भरलंय का, हे त्याचं काम. विकणाऱ्याकडे विकण्यासारखं काही होतं का, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही. तमिळनाडूने आपल्या नियमांत तो आणून पाहिला होता. विक्री करणाऱ्याने मालकीचे कागद दाखवले नाहीत तर नोंदणी नाकारायची, असा तो नियम. सर्वोच्च न्यायालयाने के. गोपी प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये तो रद्द केला, कारण मालकी ठरवण्याचा अधिकार निबंधकाला नाहीच. इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्री मालकीचीच नोंद ठेवते आणि तिच्यामागे सरकारी हमी असते. आपल्याकडे तसं नाही. पुण्यात ८० लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्क्यांनी ५,६०,००० मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी भरलीत, तरी त्या ५ लाख ९० हजारांत मालकीची हमी एका रुपयाचीही येत नाही.

बँकेचा वकील खोटं काम करतो असं माझं म्हणणं नाही. तो काम बँकेचं करतो. हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून पैसे निघतील का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर त्याला द्यायचं असतं. टायटलमध्ये पुढे घोळ निघाला तरी कर्ज तुमच्या डोक्यावर राहतंच, बँक हप्ते माफ करत नाही. त्याचा रिपोर्ट बँकेच्या नावाने असतो, बऱ्याचदा तुम्हाला प्रतही मिळत नाही. आणि तो कामाला लागतो तोवर टोकन देऊन झालेलं असतं. पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी, सोसायटीची थकबाकी कोण भरणार, ताबा चुकला तर काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती नॉमिनीच्या भानगडीत. समजा फ्लॅट वडिलांच्या नावाने होता. ते मृत्युपत्र न करता गेले. नॉमिनी थोरला मुलगा, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवलं. आता तो विकतोय. सर्टिफिकेट त्याच्या नावाचं, मेंटेनन्सची पावती त्याच्या नावाची, लाइटबिल त्याच्या नावाचं, सोसायटीची एनओसीही हातात. एजंट म्हणणार, सगळं ओके आहे. पण नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा. सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १५४ब-१३ नेही नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद मानलंय. हिंदू कुटुंबात आई, मुलगा आणि नाशिकला दिलेली मुलगी यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा. मुलाने एकट्याने सही केली तर तुम्ही पूर्ण किमतीत एक तृतीयांश फ्लॅट घेतलात. उपाय अवघड नाही. आई आणि बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, किंवा त्याहून सोपं म्हणजे तिघांनीही ‘लिहून देणार’ म्हणून करारावर सह्या कराव्यात. पण हे कुणी तरी विचारायला लागतं. एजंट विचारत नाही, कारण सौदा मोडला तर त्याची दलाली बुडते.

सर्च ३० वर्षांचा का, असंही तुम्ही विचारलंय. मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घ्यायला ३० वर्षं आहेत, सरकारलाही दाव्यासाठी साधारण तेवढीच मुदत आहे. त्याहून कमी वर्षांच्या सर्चमध्ये हे दोन्ही निसटू शकतात. दुसरं असं, की पुण्या-मुंबईत एकाच भागाचा दस्त शहरातल्या अनेक कार्यालयांपैकी कुठेही नोंदवता येतो. पुण्यातल्या हवेलीच्या एकाच नोंदणी कार्यालयात इंडेक्स टू (दस्तांची सूची) चाळून ‘बोजा नाही’ लिहिणाऱ्याने पाहिलं किती? म्हणून रिपोर्ट हातात आला की शेवटचं पान आधी बघा. शोध शुल्काच्या चलनाचा क्रमांक आहे का? कोणती कार्यालयं, कोणती वर्षं, हे लिहिलंय का? ‘अमुक साली सूचीची पानं फाटलेली, तमुक साली पुस्तक उपलब्ध नाही’ अशा ओळी दिसल्या तर घाबरू नका. माणूस खरंच जाऊन बसला होता, याची ती खूण. तीस वर्षांत एकही पान फाटकं नसलेला रिपोर्ट मला जास्त संशयास्पद वाटतो.

इंडेक्समध्ये न दिसणारीही गोष्ट असते. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज १ एप्रिल २०१३ पूर्वी नोंदणी कार्यालयाला कळवण्याचं बंधन महाराष्ट्रात नव्हतं. त्यानंतर ते कळवणारी नोटीस ऑफ इंटिमेशन आली. त्याआधीचं गहाण शोधायला सर्च पुरत नाही. सेरसाईच्या (गहाणांची केंद्रीय नोंद ठेवणारी संस्था) साइटवर नाममात्र फी भरून बघायचं आणि बिल्डरच्या पहिल्या करारापासून प्रत्येक करार, त्याच्या नोंदणीच्या पावतीसह, मूळ प्रतीत डोळ्यांनी बघायचा. झेरॉक्सवर समाधान मानणारा वकील नको. ‘मूळ करार हरवला’ म्हणाले तर पोलिसांतली तक्रार आणि जाहीर नोटीस मागा. नोटिशीने कुणाचा हक्क मरत नाही हेही ध्यानात असू द्या. ती तुमच्या सावधपणाचा पुरावा तेवढी असते.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर (किती भरलं की कर्ज फिटेल ते सांगणारं पत्र) आणि त्यांच्याकडच्या कागदांची यादी मागवा, आणि तेवढ्या रकमेचा चेक थेट त्या कर्जखात्याच्या नावाने काढा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केलंय, उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. विक्रेता परदेशात राहत असेल तर ५० लाखांवरचा १ टक्का टीडीएस लागू होत नाही, कपात बरीच मोठी असते आणि चुकली तर आयकर खातं तुम्हाला धरतं. त्याच्या वतीने कुलमुखत्यार सही करत असेल तर मुखत्यारपत्र देणारा हयात आहे का आणि ते परदेशातून इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित झालंय का, हे बघावं लागतं.

आता जाहिरातीबद्दल. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियम ३६ ने बंदी आहे, त्यामुळे ‘पुण्यातील टॉप टेन प्रॉपर्टी लॉयर्स’ असल्या याद्यांना माझ्या लेखी किंमत नाही. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे ना, क्रमांक आणि साल काय, हे विचारायला लाजू नका. पण खरी परीक्षा पहिल्या फोनवर होते. फी सांगण्याआधी तो काय विचारतो? विकणारे किती जण, कुणी वारलंय का, कर्ज आहे का, सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, जमीन भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी) तर नाही ना, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे विचारलं तर पुढे बोला. ‘किती लाखांचा व्यवहार?’ एवढंच विचारून आकडा सांगितला तर फोन ठेवा. विकणाऱ्याचं काम तोच बघतोय का, हेही विचारा. बघत असेल तर तो तुमचा नाही.

आणि जे काही ठरेल ते ईमेलवर घ्या: किती वर्षं, कोणती कार्यालयं, मूळ कागद बघणार का, करार कोण लिहिणार, फीचे टप्पे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. काम चुकलं तर ग्राहक आयोगाचं दार बंद. उरतं दिवाणी कोर्ट, नाही तर गैरवर्तनासाठी बार कौन्सिलकडे तक्रार. दोन्हीकडे पहिला प्रश्न येतो की त्याने नेमकं काय करायचं ठरलं होतं.

एजंटला हाकलून द्या असं कुठेच म्हटलेलं नाही. डेटा एंट्री, चलन, रजिस्ट्रेशनची वेळ घेणं, ऐनवेळी सर्व्हर बंद पडला तर दुसरं कार्यालय गाठणं यात तो वकिलापेक्षा पटाईत असतो. ती कामं त्यालाच द्या. मसुदा मात्र त्याच्याकडच्या तयार फाइलमधून नको. त्यात मागच्या गिऱ्हाइकाचा पार्किंग नंबर राहून गेलेला असतो.

रविवारपर्यंत वकील ठरला नाही तरी टोकन लहान ठेवा, रोख नको, चेकनेच द्या, आणि पावतीवर विकणाऱ्या सगळ्यांच्या सहीनिशी एवढं लिहून घ्या: ‘खरेदीदाराच्या वकिलांनी टायटल निर्वेध असल्याचा लेखी अहवाल न दिल्यास, किंवा बँकेने टायटलच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास, ही संपूर्ण रक्कम सात दिवसांत विनाकपात परत केली जाईल.’ एजंटची सही साक्षीदार म्हणून घ्या.