समुद्रकाठी कला बघायला निघालात?

गेल्या रविवारी मेहुण्याला घेऊन पणजीतलं एक प्रदर्शन बघून आलो. अनुभव ताजा आहे तोवर कोल्हापुरातून तिकडे निघणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो.

पहाटे वगैरे निघू नका. आजऱ्यात मिसळ, आंबोलीत भजी, मग धबधब्यापाशी (पाणी नसलं तरी) फोटो, असं रमतगमत गेलं की गॅलरी बंद व्हायला वीस मिनिटं असताना दारात पोचता येतं. वीस मिनिटं पुष्कळ झाली.

गॅलरी निवडताना फक्त एसी बघा. चित्रकार सुबोध केरकरांनी २०१५ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत म्युझियम ऑफ गोवा उभं केलं, ते कळंगुटच्या उन्हात भाजलेल्या तुम्हाला दुपारी टेकायला जागा हवी म्हणूनच. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. तिथं तिकीट नसतं, म्हणजे आत बघण्यासारखं काही नसणार हे ओळखून बाहेरूनच परत फिरा.

भिंतीवरची माहिती वाचू नका.

चित्रासमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न किमतीचा. हुसेनांचं 'ग्राम यात्रा' २०२५ मध्ये ११८ कोटींना गेलं, हे तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपनं कळवलेलं असतंच. दुसरा प्रश्न, "ह्यात हाय काय?" उत्तर ऐकायला थांबू नका. "आमचा बारका ह्याच्यापेक्षा भारी काढतोय" असं म्हणून पुढच्या खोलीत जा, आणि जाताना आवाज दसरा चौकात असल्यासारखा ठेवा.

आता हात लावण्याबद्दल. हात लावाच. आम्ही गेलो तिथं एका खोलीत जमिनीवर मिठाची होडी होती. जुन्या नावेच्या दोन फळ्या आणि मधे नुसतं मीठ, वाळूवर लाटेच्या रेघा उमटतात तशा रेघा ओढलेलं. भोवती दोरी. 'स्पर्श करू नये' ही पाटी मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत. मेहुणा दोरीवरून वाकला, मधोमध बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि ओरडला, "दाजी, खारट हाय!"

मीठ खारट आहे, हा शोध लावायला आम्ही सव्वादोनशे किलोमीटर गेलो होतो.

सगळी खोली हसली. त्याला तेवढंच हवं होतं, म्हणून त्यानं दुसऱ्यांदा बोट घातलं, आता व्हिडिओसाठी. मग आतून एक मुलगी आली. हातात बारीक ब्रश. गुडघ्यावर बसली आणि एकेक रेघ पुन्हा ओढायला लागली. बोलली काहीच नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मेहुणा तिचाही व्हिडिओ काढत होता. मी खांबाआड उभा होतो, कारण आमच्या गाडीचा नंबर एमएच ०९ आहे हे तिला कळू नये असं वाटत होतं.

आणि वर आम्ही कलापूरचे! म्हणे रक्तात कला आहे. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा त्यांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमाननी आपली चित्रं कोटितीर्थ तळ्यात बुडवली, असं आपल्याकडे छाती फुगवून सांगतात. मागे राहिलेल्यांपैकी काही टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. ती बघायला कधी गेलात? नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरेंनी राजारामपुरीतलं स्वतःचं घर चित्रांसाठी देऊन टाकलं. तिथं कधी? रिक्षानं जाता येतं, घाट लागत नाही. नसेल जायचं तर नका जाऊ, कोण बळजबरी करतंय? मासे खा, समुद्रात डुंबा, या परत. पण आत पाऊल टाकलंत तर हात खिशात ठेवा आणि तोंड बंद ठेवा. कुणीतरी चार-चार दिवस गुडघे टेकून ते केलेलं असतं, आणि तुमच्या घरच्या रांगोळीवर कुणी पाय दिला तर तुम्ही अख्खी गल्ली डोक्यावर घेता.

परतताना आंबोलीच्या वळणावर मेहुणा म्हणाला, "दाजी, एवढं काय मनाला लावून घेताय? मीठ कितीला येतंय? दोन किलो पाठवून देतो की."

नको पाठवूस. पुढच्या वेळी गाडीतच बस.