गुरुवारचं बंद पाणी आणि पंपघरातलं काम

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला: सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि पुतण्याकडून. त्यात म्हटलंय, ‘पुण्यात धरणं भरलेली असताना गुरुवारी पाणी बंद ठेवणं ही छुपी कपात आहे. पंपघरात जादा पंप असतात, मग सगळं बंद कशाला? चालत्या पंपाला हात लावून हेच लोक तो बिघडवतात. जुन्या मोटरी रिवाइंड करत (आतली तार पुन्हा गुंडाळत) बसण्यापेक्षा फेका आणि नव्या घ्या. शुक्रवारी पाणी कमी आणि गढूळ येतं, म्हणजे काम झालेलंच नसतं.’

मी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम केलंय. पाणी भरून ठेवण्याचा त्रास माझ्याही घरात आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पण यातलं बहुतेक चूक आहे.

आधी धरणांचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर पूर्ण भरली की २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा होतो. तो चांदणी चौकाच्या टाकीत आपोआप चढत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी निव्वळ उतारावर यायचं, एकही पंप नव्हता. आज शहर टेकड्यांवर चढलंय. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. धरण काठोकाठ भरलं तरी मोटर जळली की वरच्या भागातले नळ कोरडेच.

संशयाला मात्र कारण आहे, तेही सांगायला हवं. मे २०२३ मध्ये दर गुरुवारी पाणी बंद ठेवलं होतं ती कपातच होती, पाऊस लांबेल या अंदाजामुळे केलेली. पण ती कपात म्हणूनच जाहीर झाली होती. देखभालीसाठीचा बंद वेगळा. महावितरणही पुण्यात आपली देखभालीची कामं बहुधा गुरुवारीच काढतं, त्यामुळे वीज आणि पाणी अशा दोन्ही बाजूंची कामं एका दिवसात उरकता येतात.

‘जादा पंप असतात, मग सगळं बंद कशाला?’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्टँडबाय, म्हणजे राखीव पंप असतो हे खरं, आणि एखाद्या पंपाचं बेअरिंग बदलायचं असेल तर तेवढ्यासाठी पाणी बंद करावं लागतही नाही. एक पंप बाजूला काढायचा, दुसरा चालवायचा. अडचण येते ती सगळ्या पंपांना मिळून जे एकच असतं तिथे. ट्रान्सफॉर्मर, पॅनलमधला बसबार (सगळ्या पंपांना वीज वाटणारी धातूची पट्टी), सगळ्या पंपांचं पाणी जिथे एकत्र येतं तो हेडर पाइप, पुढची मोठी वाहिनी. बसबारचे नटबोल्ट गरम-थंड होऊन सैल पडतात. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि एक दिवस ठिणगी पडून अख्खं पॅनल जातं. ते आवळायला वीज पूर्ण बंदच हवी. तसंच एखाद्या पंपाचा स्लुइस व्हॉल्व्ह (पाणी अडवणारी झडप) जुना होऊन नीट बसत नसेल, तर हेडरमधलं पाणी उलटं येतं. मग त्या एका पंपासाठीही सगळे थांबवावे लागतात. म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर बदलले असते तर निम्मे बंद टळले असते, ही तक्रार कुणी केली तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

‘चालतंय त्याला हात लावू नका’ हे वाक्य मी साहेबांच्या तोंडूनही ऐकलंय. एका पंपघरात एका मोटरचं बेअरिंग कुरकुरायला लागलं होतं. मेगर या यंत्राने वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचं इन्सुलेशन मोजलं, तर आकडा महिन्यागणिक खाली येत होता. आम्ही बंद मागितला. तो दोनदा पुढे ढकलला गेला, एकदा सण म्हणून आणि एकदा तक्रारी येतील म्हणून. मग एका रात्री बेअरिंग जाम झालं, रोटर (मोटरचा फिरता भाग) आतून घासला आणि वाइंडिंग जळलं. स्टँडबाय पंप आधीच दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला होता. त्या भागाला चार दिवस टँकरवर काढावे लागले. टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्या बायका मला अजून दिसतात.

पंप बंद पडण्याआधी बोलतो, पण ऐकणारा लागतो. दांडा पंपात शिरतो तिथल्या ग्लँडमधून पाणी थेंब थेंब गळत राहायलाच हवं, त्यानेच आतलं पॅकिंग आणि दांड्यावरची स्लीव्ह थंड राहतात. गळती दिसली म्हणून कुणी ग्लँड करकचून आवळला, तर पॅकिंग जळून स्लीव्हवर चरे पडतात. ग्रीस कमी झालं तर बेअरिंग जातं, आणि ठासून भरलं तरी तापून जातं.

आता ‘फेका आणि नवे घ्या’. आधी एक हिशोब. तासाला १,००० घनमीटर पाणी ५० मीटर चढवणारा पंप ८० टक्के कार्यक्षमतेने चालला तर त्याला साधारण १७० किलोवॅट लागतात. आतली वेअर रिंग (चढवलेलं पाणी आतल्या आत मागे गळू न देणारी कडी) झिजून तीच कार्यक्षमता ६५ टक्क्यांवर आली तर २१० लागतात. रोज २० तास धरले तर दिवसाला ८०० युनिट जास्त. युनिटला ८ रुपये धरा, वर्षाला २३ लाखांहून जास्त होतात. म्हणजे जुना पंप आहे तसा चालवणं महागच, इथवर मेसेज बरोबर. पण ही गळती पुष्कळदा केसिंग (पंपाचं कवच) उघडून रिंग बदलली, इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) दुरुस्त केला की थांबते. केसिंगच खाल्लं गेलं असेल किंवा सुटे भाग मिळत नसतील, तर नवा घ्यावा. तोही अलाइनमेंट चुकवून, म्हणजे मोटर आणि पंप एका रेषेत न ठेवता बसवला तर काही महिन्यांत बेअरिंग खातो.

रिवाइंडिंगचंही तसंच. जुनं वाइंडिंग काढताना बेफाम तापवलं तर स्टॅम्पिंगवरचा (कोअरमधल्या पातळ लोखंडी पत्र्यांवरचा) लेप जळतो, मग ती मोटर कायम जास्त तापते. कायम १० अंश जास्त तापणाऱ्या वाइंडिंगचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. नीट केलेली मोटर मात्र पुढे कित्येक वर्षं चालते. म्हणून रिवाइंडिंगच्या आधी आणि नंतर कोअरची चाचणी केली का, हे विचारायला हवं.

राहिला शुक्रवार. बंदमध्ये वाहिन्या रिकाम्या होतात आणि त्यात हवा शिरते. ती हळूहळू बाहेर काढत पाणी भरावं लागतं, घाई केली तर दणका बसून पाइप फुटतो. कात्रजच्या त्या जुन्या जलवाहिनीवर हवा जायला उच्छ्वास नावाचे मनोरे बांधले होते, आज त्यांच्या जागी एअर व्हॉल्व्ह आहेत. टाक्याही तळापासून भरायच्या असतात. म्हणून पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं.

गढूळपणा मी हलका मानत नाही. पाइपात बसलेला गाळ सुटतो हे एक, पण रिकाम्या वाहिनीत गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणीही ओढलं जाऊ शकतं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली तर ओढ आणखी वाढते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण आढळल्यापासून असं पाणी पाहिलं की माझ्याही पोटात गोळा येतो. शुक्रवारचं पहिलं पाणी सोडून द्या, पिण्याचं उकळा. आणि याच कारणाने बंद कमीत कमी हवेत, एकेका बंदमध्ये जास्तीत जास्त काम उरकलेलं हवं.

मेसेजला उत्तर म्हणून ग्रुपवर मी तीन प्रश्न टाकलेत, पुढचा बंद झाला की आपल्या भागातल्या पाणीपुरवठा कार्यालयात लेखी विचारायला: कोणत्या मोटरचं मेगर किती आलं आणि मागच्या वेळी किती होतं, नीट न बसणारे कोणते व्हॉल्व्ह बदलले, आणि स्टँडबाय पंप शेवटचा कधी चालवून पाहिला.