दादाची गाडी, माझी गाडी आणि थाण्यातलं आवेदन

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच विषय चालू आहे, दादाच्या गाडीची काच फोडून बॅग गेली, आता इन्शुरन्सचा क्लेम करायचा की नाही. इंदूरला बायपासच्या बाजूच्या एका मॅरेज गार्डनमध्ये नात्यातलं लग्न होतं, गाडी बाहेरच्या मैदानात लावलेली, जेवणं आटपून साडेअकराला सगळे निघाले तर मागच्या डाव्या दाराची काचच नाही, सीटवर नुसता चुरा. बॅगेत लॅपटॉप, चेकबुक, बाबांची औषधं आणि गाडीची दुसरी चावी.

ही चावी लक्षात ठेवा, कारण ग्रुपवर पहिले चार दिवस तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही.

बोलणं सगळं दुसरंच चाललं होतं. काकांचं म्हणणं, काच दोन-तीन हजाराची, तेवढ्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, घालवू नको. आत्या म्हणाली लग्नाला जाताना लॅपटॉप न्यायचाच कशाला. मावसभावाने एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं की अमेरिकेत तर 950 डॉलरपर्यंतची चोरी माफच आहे, म्हणून तर हिची, म्हणजे तिकडे राहणाऱ्या माझी, पण काच फुटली. आणि वहिनीने मला वेगळा मेसेज केला, तुझ्याकडे पोलीस लगेच आले असतील ना गं?

नाही आले. म्हणूनच लिहायला बसले, कारण दोन्हीकडच्या काचा दोन महिन्यांच्या अंतराने फुटल्यात आणि दोन्हीकडे काय होतं ते मला आता नीट माहीत आहे.

माझी मार्चमध्ये फुटली, इथे कॅलिफोर्नियात ओकलंडला, लेक मेरिटच्या काठी, दिवसाउजेडी, मी आणि मुलगा तळ्याला एक चक्कर मारून आलो तेवढ्यात. मागे पिशवीत आईने पाठवलेली महेश्वरी साडी होती, फ्रीमाँटला एक काकू फॉल-पिको करून देतात त्यांच्याकडे न्यायची होती, सोबत हेडफोन, गॉगल, असंच सामान. पोलिसांना फोन केला तर तिकडच्या बाईंनी शांतपणे तीन प्रश्न विचारले, चोर आत्ता तिथे आहे का, कोणाला लागलंय का, चोर कोण ते माहीत आहे का. तिन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग ऑनलाइन फॉर्म भरा. कोणी आलं नाही, कोणी बोटांचे ठसे घेतले नाहीत, साडी परत मिळाली नाही आणि मिळणारही नाही. काचेचे दाणे मात्र अजून निघतात. व्हॅक्यूम दोनदा मारला तरी परवा मुलाच्या सीटचा पट्टा ओढला आणि खाचेतून साबुदाण्याएवढे दोन बाहेर पडले, तो म्हणाला आई हिरे.

तर पोलीस पकडून देतात हा भाग विसरा. इन्शुरन्स तरी? ऐका. इथे कायद्याने जी पॉलिसी लागते ती दुसऱ्याच्या नुकसानीची. कॅलिफोर्नियात 2025 पासून तिची किमान मर्यादा वाढवली, एका माणसाला इजा झाली तर 30 हजार डॉलर, एका अपघातात सगळ्यांचे मिळून 60 हजार, मालमत्तेचे 15 हजार, पण त्यातून स्वतःच्या फुटलेल्या काचेला एक पैसा मिळत नाही. त्यासाठी वेगळं कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यावं लागतं. ते मी घेतलं होतं, पण त्यात पहिले 500 डॉलर माझे आणि काच बसवून बिल झालं 380, म्हणजे सगळे माझ्याच खिशातून. आणि आतलं सामान गाडीच्या पॉलिसीत येतच नाही, ते भाड्याच्या घराची जी पॉलिसी असते तिच्यात येतं, हे मला नऊ वर्षं इथे राहून त्या दिवशी कळलं! तिथे साडीची पावती मागितली. आईने महेश्वरला घाटाजवळच्या दुकानातून घेतलेली साडी, पावती कुठली? शेवटी आईने घेतली त्या दिवशी दिवाणावर पसरून काढलेला फोटो सापडला, पदर नीट दिसतोय, बाजूला तिची चष्म्याची डबी. तो पाठवला, तो त्यांनी मान्य केला, आणि तिथलेही पहिले 250 डॉलर वजा होऊन हातात आले 180.

आता दादाची पॉलिसी बघा. आपल्याकडे साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या पार्ट्सवर 50 टक्के घसारा कापतात, पण काचेवर घसारा शून्य, अगदी जुन्या गाडीला सुद्धा. आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला आपल्या खिशातून सक्तीचे जायचे फक्त 1000 रुपये. म्हणजे काचेच्या बाबतीत इंदूरची पॉलिसी माझ्या इथल्या पॉलिसीपेक्षा चांगली आहे, हे मी ग्रुपवर लिहिलं तर कोणाचा विश्वासच बसेना, सगळ्यांना वाटतं परदेशात सगळं आपोआप मिळतं.

तरीही काका बरोबर आहेत, काचेचा क्लेम करू नये. दादाच्या गाडीचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा, प्रीमियम बोनस धरायच्या आधी साधारण आठ हजार, त्याचा बोनस 50 टक्क्यांवर पोचलेला, म्हणजे वर्षाला चार हजार वाचतात. काचेचं बिल 3200, त्यातले 1000 त्याचे, मिळणार 2200. त्या 2200 साठी पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येणार, मग 20, 25, 35, 45 अशी एकेक पायरी चढत परत 50 वर जायला पाच वर्षं. नो क्लेम बोनस वाचवणारं ॲड-ऑन, म्हणजे जास्तीचे पैसे भरून मिळणारं कलम, घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, दादाने घेतलं नव्हतं. म्हणून काच स्वतःच्या पैशाने बसवली, ठीक केलं.

पण काकांचं पुढचं वाक्य मला पटलं नाही आणि त्यावरूनच मी एवढं भांडतेय. ते म्हणाले, क्लेम करायचाच नाही तर मग थाण्यात (पोलीस स्टेशनला) कशाला चकरा मारायच्या.

झालं काय होतं, की त्या रात्री दादा आणि बाबा थाण्यात गेले तर पहिल्या थाण्यात सांगितलं, ये हमारे इलाके में नहीं आता, बायपास के उस तरफवाला देखेगा. दुसऱ्या थाण्यात रात्री दीड वाजता मुंशीजी, म्हणजे थाण्यातलं लिहिण्याचं काम बघणारे पोलीस, म्हणाले, आवेदन लिख के दे दो, जाँच करवा लेंगे. दादाने कोऱ्या कागदावर लिहून दिलं, त्याच्या झेरॉक्सवर सील मारून मिळालं आणि सगळ्यांना वाटलं रिपोर्ट झाला. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय, आजोबांची सायकल गेली तेव्हापासून, आवेदन दिलं म्हणजे रिपोर्ट झाला. नाही झाला. आवेदन म्हणजे अर्ज, एफआयआर म्हणजे गुन्हा नोंदवला. एक कागद टेबलावर पडून राहू शकतो, दुसऱ्याला नंबर असतो आणि त्याचं पुढे काय केलं हे कोणाला तरी लिहावं लागतं.

आणि कायद्यात तर काही बाकी राहिलेलं नाही. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती दिली तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही थाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हमारे इलाके में नहीं हे उत्तरच चालत नाही, ऑनलाइन माहिती देऊन तीन दिवसांत जाऊन सही करता येते, कॉपी फुकट द्यावी लागते आणि थाण्यात नाहीच घेतलं तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी पाठवता येतं. इंदूरला तर डिसेंबर 2021 पासून पोलीस कमिश्नर सिस्टम आहे, वरचे अधिकारी पूर्वीपेक्षा जास्तच आहेत. एवढं सगळं आहे आणि माझ्या बाबांसारखा 40 वर्षं सरकारी ऑफिसात फायली सांभाळलेला माणूस रात्री दीड वाजता मुंशीजींसमोर गप्प बसतो, कारण पोलिसांशी वाद नको. मला राग बाबांचा नाही येत. वाईट वाटतं.

आता ती चावी. दादाला मी विचारलं, समज ज्याने बॅग नेली त्याला चावी आणि चेकबुकवरचं तुझं नाव दोन्ही मिळालं, उद्या गाडीच गेली तर? पूर्ण गाडी चोरीला गेली की कंपनी सगळ्यात आधी दोन्ही ओरिजिनल चाव्या मागते, एक नसली की विचारणार कुठे गेली, कधी गेली, तेव्हा का नाही सांगितलं. त्यावेळी सील मारलेली झेरॉक्स दाखवून काय सिद्ध होणार? आणि गाडी गेल्यावर पोलिसांचा खात्मा रिपोर्ट लागतो, गाडी सापडली नाही असा, तो मिळेपर्यंत महिने जातात आणि आधीच्या चोरीची नोंद नसेल तर सगळं तिथेच अडकतं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये म्हटलंय की पोलिसात लगेच एफआयआर केला असेल तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येणार नाही. म्हणजे कोर्टसुद्धा सगळ्यात आधी एफआयआरची तारीख बघतं.

मावसभावाच्या व्हिडिओबद्दल पण लिहायचं आहे, कारण तो फार फिरतोय. 950 डॉलरपर्यंत चोरी माफ, असं काही नाही. 2014 च्या मतदानात इथे असं ठरलं की तेवढ्या किमतीपर्यंतची चोरी मोठा गुन्हा न धरता छोटा गुन्हा धरायची, गुन्हा तो आहेच, शिक्षाही आहे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये परत मतदान होऊन वारंवार चोरी करणाऱ्यांसाठी ते कडक केलं. आणि बंद गाडी फोडून चोरी करणं हा मुळात वेगळाच गुन्हा, त्याला 950 ची अट नव्हती. तिथली पंचाईत दुसरीच होती, गाडी लॉक होती हे सरकारी वकिलाला सिद्ध करावं लागायचं आणि काच फुटलेली असली तरी आरोपी तिथून सुटायचे, ती पळवाट 2024 च्याच एका वेगळ्या कायद्याने बंद केली. मला या राज्याची बाजू घ्यायची नाही, माझी स्वतःची काच फुटली आहे. पण ज्या देशाला आपण रोज नावं ठेवतो किंवा रोज डोक्यावर घेतो त्याचं एक तरी वाक्य खरं असावं.

आणि खरं सांगायचं तर माझ्या आणि दादाच्या अनुभवात फरक एकाच ठिकाणी पडला. चोर दोन्हीकडे सुटला, पैसे दोन्हीकडे खिशातून गेले, बॅग कशाला ठेवली हे मलाही इथल्या शेजाऱ्यांनी ऐकवलं. पण स्वयंपाकघरात कुकर लावून मी फॉर्म भरला, शिट्ट्या व्हायच्या आत ईमेलवर नंबर आला, चार दिवसांनी रिपोर्टची पीडीएफ आली आणि त्या सगळ्यात मला कोणाची मिनतवारी करावी लागली नाही. दादाला त्याच कागदासाठी तीन चकरा. आमच्या इंदूरने 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर ठेवला, ओला कचरा सुका कचरा घराघरात बायकांनी वेगळा केला, कोणाला वाटलं होतं होईल म्हणून? त्याच शहरात फुटलेल्या काचेचा एफआयआर एका चकरेत होऊ नये हे मी मान्य करणार नाही. यावरही घरचे सगळे माझ्यावर चिडतात, तू लांब राहून बोलतेस म्हणतात. लांब आहे, पण ते घर माझंही आहे.

शेवटी गेल्या मंगळवारी बाबाच गेले, तिसऱ्यांदा. कलम 173 चं प्रिंट, आवेदनाची सीलवाली कॉपी, पॉलिसी, सगळं एका फायलीत लावून, ऑफिसात लावायचे तसं. टीआय साहेब, म्हणजे थाण्याचे मुख्य अधिकारी, स्वतः होते, वाचलं, म्हणाले बैठिए अंकल, आणि तासाभरात एफआयआर झाला, चावीचा वेगळा उल्लेख करून. मॅरेज गार्डनवाला दादाला कॅमेऱ्याचं फुटेज दाखवायला तयार नव्हता, पुलिस बोलेगी तो देंगे म्हणत होता, आता एक शिपाई जाऊन ते घेऊन आला.

आणि पॉलिसी फायलीत लावताना बाबांनी ती पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत वाचली. ॲड-ऑनच्या यादीत तिसऱ्या ओळीत ‘की रिप्लेसमेंट’ होतं, म्हणजे हरवलेल्या चावीचा खर्च. गेली चार वर्षं दादा त्याचे पैसे भरत होता आणि घरात कोणाला माहीत नव्हतं. वर्कशॉपने नवीन चावी आणि लॉक सेटचं एस्टिमेट दिलंय साडेतेरा हजाराचं. बोनस जाईल का म्हणून दादाने कंपनीला आधी ईमेल करून विचारलं, त्याच्या पॉलिसीत या ॲड-ऑनच्या क्लेमने जात नाही असं लेखी उत्तर आलं. नाकारलंच तर भोपाळला विमा लोकपालांचं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्यांचं, ऑफिस आहे, तिथे फी लागत नाही, तेही बाबांनी शोधून ठेवलंय. काल दादाने क्लेम फॉर्मचा फोटो टाकला, सोबत जोडायच्या कागदांत पहिल्या नंबरवर एफआयआरची कॉपी. खाली काकांचा मेसेज होता, आमच्या पण पॉलिसीत हे आहे का ते कुठे बघायचं?